जुन्या खेळ-मासिकांची पेटी : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात आम्ही एक छोटे टिपण दिले होते. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग खेळांची जुनी मासिके आज पुन्हा वाचण्याजोगी आहेत, आणि ती वाचताना गाजलेले लेख वेचण्यापेक्षा सलग अंक घेऊन त्यांतील पत्रव्यवहार आधी वाचावा, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेक सोलापुरातून आली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळून काही पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझे मामा १९८०च्या दशकात कापडगिरणीच्या यंत्रांच्या कामानिमित्त काही वर्षे अमेरिकेत होते. त्यांच्या पश्चात घर आवरताना एका पत्र्याच्या पेटीत ‘ड्रॅगन’ नावाच्या इंग्रजी मासिकाचे बरेच अंक निघाले. मुखपृष्ठावर पंख असलेले अजगर, आत तक्तेच तक्ते आणि आकडेमोड. हे नेमके काय आहे, आणि असा खेळ कधीच न खेळलेल्या माझ्यासारख्याने ते वाचावे का?
— बँकेतून निवृत्त झालेले वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या मामांच्या पेटीत निघालेले मासिक हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे मुखपत्र होय. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ टीएसआर या कंपनीने १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहान गावातून प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंगाचे वर्णन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने आपण काय करणार ते सांगतात, आणि ज्या कृतीचा परिणाम अनिश्चित आहे तिचा निकाल फासे आणि नियम मिळून लावतात, असे त्याचे स्वरूप आहे. या खेळाला ना पट लागतो, ना सोंगट्या; त्यात शेवटी कोणी जिंकत किंवा हरतही नाही. कंपनीने १९७५ साली ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचे छोटे नियतकालिक काढले आणि सात अंकांनंतर त्याच्या जागी जून १९७६मध्ये ‘ड्रॅगन’ सुरू झाले. सप्टेंबर २००७मध्ये ३५९ व्या अंकानंतर त्याची छपाई थांबली.

न खेळणाऱ्याने ते का वाचावे, हा आपला प्रश्न अधिक मोलाचा आहे. मूळ खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचे नियम अपुरे होते आणि पुष्कळ ठिकाणी संदिग्धही होते. ते पूर्ण करण्याचे काम पुढची अनेक वर्षे मासिकाच्या पानांवर चालले. आज या खेळात गृहीत धरले जाणारे वनरक्षक, मायावी जादूगार आणि चारण हे पात्रांचे तीन प्रकार खेळाच्या मूळ संचात नव्हतेच. ते १९७५ आणि १९७६ या दोन वर्षांत ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मधून आले. ग्रंथरूपाने जे नियम पुढे बांधले गेले, त्यांतला मोठा भाग आधी मासिकात छापला जाऊन, वाचकांच्या आक्षेपांना तोंड देऊन मग ग्रंथात गेला. म्हणूनच ग्रंथ वाचल्यावर नियम कळतो, पण तो तसा का झाला हे कळायला मासिक लागते.

एक उदाहरण देतो. पात्र उंचावरून पडले तर त्याला किती इजा व्हावी? १९७८च्या नियमपुस्तकानुसार दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा टाकून जो आकडा येईल तेवढी. म्हणजे तीस फुटांवरून पडल्यास तीन फासे. १९८३च्या सुरुवातीस ‘ड्रॅगन’मध्ये असा खुलासा आला, की मूळ हेतू असा नव्हताच, पहिल्या दहा फुटांना एक फासा, पुढच्या दहांना दोन, त्यापुढच्या दहांना तीन अशी चढती बेरीज अभिप्रेत होती. या हिशोबाने तीस फुटांना सहा फासे होतात आणि साठ फुटांवरच वीस फाशांची कमाल मर्यादा गाठली जाते. मग पुढच्या काळात वाचक-लेखक भौतिकशास्त्र घेऊन मैदानात उतरले. एकाने पडत्या वस्तूचा वेग आणि हवेचा विरोध यांचा हिशोब मांडला. दुसऱ्याने दाखवून दिले, की इजा गतिज ऊर्जेवर अवलंबून असते आणि ती उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते, त्यामुळे दर दहा फुटांना एक फासा हा जुना साधा नियमच शास्त्राला धरून आहे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये तोच साधा नियम टिकला आणि आजही आहे. यांतला एकच अंक हाती आला तर ती निव्वळ किचकट आकडेमोड वाटते. क्रमाने वाचल्यास मात्र शास्त्राचे विद्यार्थी, खेळाचे कर्ते आणि हौशी खेळाडू एका क्षुल्लक प्रश्नावर किती गंभीरपणे भांडतात हे दिसते, आणि त्या भांडणाची गोडी लागायला खेळ येणे मुळीच आवश्यक नसते.

तेव्हा अंक क्रमांकानुसार लावून घ्या आणि त्यांतला सर्वांत लांब सलग तुकडा निवडा. विखुरलेल्या साठ अंकांपेक्षा लागोपाठचे सहा अंक अधिक देतील. प्रत्येक अंकात आधी वाचकांची पत्रे पाहा, मग ‘सेज अॅडव्हाइस’ हे नियमविषयक प्रश्नोत्तरांचे सदर. हे सदर नोव्हेंबर १९७९च्या अंकापासून जीन वेल्स यांनी सुरू केले, आणि तऱ्हेवाईक प्रश्नांना न कंटाळता उत्तरे देण्याची त्यांची हातोटी आमच्यासारख्या सदरलेखकांनी अभ्यासावी अशी आहे. त्यानंतर जाहिराती वाचा. टपालाने फासे विकणारे, शिशाच्या इंचभर मूर्ती ओतणारे, टपालखेळ चालवणारे अशा किती लहान व्यवसायांना या छंदाने काही वर्षे जगवले, ते तिथेच दिसते. कथा अखेरीस वाचाव्यात. बहुतेक सामान्य आहेत. डेव्हिड ट्रॅम्पियर यांची ‘वर्मी’ ही चित्रमालिका मात्र चुकवू नका. १९८८मध्ये ती कथानकाच्या अर्ध्यावरच बंद पडली आणि चित्रकाराने या क्षेत्राशी संबंधच तोडला.

प्रश्न : अशा जुन्या अंकांना आज काय किंमत येते? मुंबईत कोणी घेणारे आहे का?
— व्यापारी, नवी पेठ

उत्तर : अगदी आरंभीचे अंक, त्यांतही टापटीप अवस्थेतले आणि आतील पुरवण्या, नकाशे शाबूत असलेले, यांना परदेशातील संग्राहक चांगली किंमत देतात. १९८०च्या दशकातील अंक मोठ्या संख्येने छापले गेले असल्याने त्यांना फारसा भाव नाही, आणि ते सोलापुरातून परदेशी पाठवायचे तर टपालखर्चच वरचढ होतो. विकण्यासाठी म्हणून हे अंक जमवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आपल्या टिपणात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळली आहे. ‘ड्रॅगन’ हे खेळ विकणाऱ्या कंपनीचेच मासिक होते. मग त्यातील चर्चा कसली? ती जाहिरातच नव्हे काय?
— ग्रंथालयात काम केलेले वाचक, रेल्वे लाइन्स

उत्तर : आपला आक्षेप बऱ्याच अंशी योग्य आहे. गायगॅक्स आपल्या सदरातून अधिकृत नियम कोणते आणि हौशी खेळाडूंनी परस्पर केलेले फेरफार कसे हानिकारक, हे अनेकदा कडक शब्दांत सुनावत असत, आणि त्यामागे कंपनीचा व्यापारी हेतू होता हे उघड आहे. खेळ ज्याचा त्याच्या हातातच मासिक असेल, तर त्या मासिकात त्या खेळावरची टीका कुठवर जाणार याला मर्यादा असतेच.

म्हणूनच शक्य असल्यास ‘ड्रॅगन’ एकट्याने वाचू नये. ली गोल्ड यांनी १९७५ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात प्रत्येक लेखक आपापली चार-दोन पाने पाठवत असे, ती सगळी एकत्र टाचून सर्वांना परत धाडली जात, आणि पुढच्या अंकात प्रत्येक जण इतरांच्या मजकुरावर टिप्पणी करत असे. येथे कंपनीचा अंकुश नसल्याने बोलणे मोकळे आहे. इंग्लंडमध्ये इयन लिव्हिंगस्टन यांच्या संपादनाखाली १९७७ साली ‘व्हाइट ड्वार्फ’ निघाले. आरंभी त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या खेळांना जागा होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मात्र ते आपल्याच कंपनीच्या ‘वॉरहॅमर’ या खेळाला पूर्णपणे वाहिलेले झाले. मासिकाचे बाजारपत्रक कसे होते हे पाहायचे असेल, तर त्या मासिकाचे आधीचे आणि नंतरचे अंक शेजारी ठेवून पाहावेत.

असे असले, तरी कंपनीच्या मासिकातही वाचकाला खराखुरा शिरकाव होता, हे नाकारता येत नाही. कॅनडातील ग्रंथालयात काम करणारे एड ग्रीनवुड यांचा पहिला लेख ‘ड्रॅगन’ने १९७९ साली छापला. त्यानंतर ते आपल्या कल्पित जगाचे तुकडे वर्षानुवर्षे लेखांतून पाठवत राहिले, आणि १९८७मध्ये कंपनीने तेच जग ‘फरगॉटन रेल्म्स’ या नावाने विकत घेऊन प्रसिद्ध केले. ‘व्हाइट ड्वार्फ’मध्ये वाचकांनी कल्पिलेले प्राणी छापणारे एक सदर होते. त्यात चार्ल्स स्ट्रॉस या शाळकरी वयाच्या मुलाने पाठवलेली गिथयांकी ही जमात १९८१च्या अधिकृत प्राणिकोशात गेली. ‘बाल्डर्स गेट ३’ हा २०२३चा व्हिडिओ गेम आपल्या घरातील तरुणांनी खेळला असेल, तर त्यातील एक प्रमुख पात्र त्याच जमातीचे आहे. जाहिरातपत्रकात असे घडत नाही.

प्रश्न : माझ्या विद्यार्थ्यांनी मला या खेळातील राक्षसाचे चित्र दाखवले. त्याला वाघाचे तोंड आहे आणि तो झगा घालून पाइप ओढतो आहे! रामायण-महाभारत शिकवणाऱ्याला हे पाहून हसावे की रागवावे कळेना. हे आले कुठून?
— महाविद्यालयातील प्राध्यापक, सात रस्ता परिसर

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर जुनी मासिके चाळल्याशिवाय मिळत नाही, म्हणून तो विशेष आवडला. या खेळात राक्षस प्रथम आला तो डिसेंबर १९७५च्या ‘स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मध्ये. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, डिसेंबर १९७४मध्ये, अमेरिकन दूरचित्रवाणीवरील ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या भयमालिकेचा एक भाग प्रसारित झाला होता. त्यातला राक्षस ज्याला खायचे त्याच्या विश्वासातील माणसाचे रूप घेऊन समोर येतो, आणि त्याला मारण्याचा उपाय म्हणजे मंत्रून दिलेला आडव्या धनुष्याचा बाण. खेळातल्या राक्षसाकडे नेमकी हीच शक्ती आहे आणि त्याचा मृत्यूही नेमक्या अशाच बाणाने होतो. वाल्मीकी किंवा व्यास यांच्याकडे न जाता लेखक आदल्या वर्षीच्या दूरदर्शन-संचाकडे गेला, हे यावरून स्पष्ट होते. वाघाचे तोंड, झगा आणि पाइप हे चित्र १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मधले. वर उल्लेख केलेल्या ट्रॅम्पियर यांनीच ते काढले, आणि ते इतके लोकप्रिय झाले की पुढच्या प्रत्येक पिढीच्या चित्रकारांनी त्याचीच री ओढली.

रागावण्याचे कारण आहे काय? चित्राबद्दल नसावे, ते फारच झकास आहे. मात्र अधिक गंभीर उणीव वेगळीच आहे. रूप पालटण्याची शक्ती आपल्या राक्षसांकडे आहेच. मारीच सुवर्णमृग होतो, रावण भिक्षेकऱ्याच्या वेषात येतो. परंतु आपल्याकडे राक्षस म्हणजे केवळ श्वापद नव्हे. त्याला कुळ असते, राज्य असते, नातीगोती आणि नीतीचे पेच असतात. भावाला सोडून धर्माची बाजू घेणारा बिभीषण, पांडवांच्या घरी नांदायला आलेली नसली तरी भीमाची पत्नी असलेली हिडिंबा, आणि द्रोणपर्वातील रात्रयुद्धात कर्णाची एकमेव अमोघ शक्ती स्वतःवर खर्च करवून अर्जुनाला वाचवणारा घटोत्कच, यांपैकी कोणालाही त्या चार-पाच ओळींच्या नोंदीत जागा नव्हती. पुढे १९८०च्या एका ग्रंथात भारतीय देवतांचे प्रकरणही आले, त्यात इंद्र, अग्नी, यम यांच्या नावांसमोर किती इजा झाल्यावर ते मरतील याचे आकडे दिले होते. त्या काळच्या लेखकांना जगातील सर्व पुराणे ही साहित्याची एकच मोठी कोठी वाटत होती आणि हाताला येईल ते ते उचलत होते. ग्रीक, नॉर्स आणि इजिप्शियन देवांनाही त्यांनी याहून वेगळे वागवलेले नाही.

आपल्या विद्यार्थ्यांना एक काम देऊन पाहा. त्या जुन्या नोंदीच्याच घाटात, तितक्याच ओळींत, महाभारताला धरून घटोत्कचाची नोंद त्यांना लिहू द्या. रात्री बळ वाढणे, मायेने सैन्य उभे करणे, पडताना देह फुगवून शत्रूचे दळ चिरडणे, हे सारे नियमांच्या भाषेत बसवताना मूळ पर्व बारकाईने वाचावेच लागेल.

प्रश्न : सोलापूरच्या उन्हाळ्यात जुने कागद अक्षरशः कडकडीत होतात आणि पावसाळ्यात कसर लागते. माझ्याकडील मासिके माळ्यावर आहेत. काय करावे?
— गृहिणी, अशोक चौक

उत्तर : सर्वप्रथम ती माळ्यावरून खाली काढावीत. पत्र्याखालचा किंवा स्लॅबलगतचा माळा ही घरातील सर्वांत वाईट जागा असते, कारण एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तिथली उष्णता त्याहूनही अधिक होते. स्वस्त कागदातील लिग्निन हा लाकडातला घटक आणि आम्ल यांमुळे कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, आणि उष्णता व प्रकाश ही क्रिया झपाट्याने वाढवतात. आतल्या खोलीतील पोलादी कपाटाचा खालचा, पण जमिनीपासून वर असलेला खण चांगला. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट टाळावे. अंक आडवे, लहान थप्प्यांत ठेवावेत. धुऊन वाळवलेल्या जुन्या सुती सोलापुरी चादरीत थप्पी गुंडाळल्यास धूळ अडते आणि हवाही खेळती राहते.

प्लास्टिकची पाकिटे वापरायची असल्यास पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रोपिलीनची घ्यावीत. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे काही वर्षांनी कागदालाच चिकटतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कदापि लावू नये, तिचा डिंक तपकिरी डाग पाडतो आणि नंतर निघत नाही. पिना गंजल्या असतील तर त्या बोथट सुरीने हलकेच उघडून काढाव्यात आणि त्याच छिद्रांतून पांढऱ्या सुती दोऱ्याने दोन टाके घालावेत. डांबराच्या गोळ्यांचा वास माणसांनाही बाधतो. कडुलिंबाची पाने टाकायचीच असतील तर ती पूर्ण वाळवून, कापडी पुरचुंडीत बांधून ठेवावीत, नाहीतर त्यांचा डाग पडतो.

कीड लागलेलीच असेल, तर अंक हवाबंद पिशवीत घालून उणे १८ ते २० अंश तापमानाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावेत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, म्हणजे कागदावर दव धरत नाही. चकचकीत कागदाच्या अंकांना ओल लागू देऊ नये, कारण अशी पाने भिजून वाळली की एकमेकांना कायमची चिकटतात. आणि सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे ती मधूनमधून उघडून वाचणे. हाताळल्या जाणाऱ्या कागदात कसर सहसा घर करत नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. तो मित्रांबरोबर हा खेळ खेळतो आणि त्याची जुनी मासिके कोठून तरी मिळवून वाचतो. परदेशात या खेळामुळे मुलांनी जिवाचे बरेवाईट केल्याचे मी ऐकले आहे. हे खरे आहे का?
— एक आई, होटगी रोड

उत्तर : ताई, आपली काळजी समजण्याजोगी आहे, पण ज्या बातम्या आपल्या कानावर आल्या त्या चाळीस वर्षांहून जुन्या आहेत. १९७९मध्ये मिशिगनमधील एक विद्यार्थी बेपत्ता झाला आणि तो विद्यापीठाखालच्या बोगद्यांत हा खेळ खेळताना हरवला, असे वर्तमानपत्रांनी छापले. तो पुढे जिवंत सापडला आणि त्याच्या जाण्याशी खेळाचा संबंध नव्हता असे निष्पन्न झाले. तरीही भीती पसरली ती पसरलीच. १९८३ साली या खेळाविरुद्ध एक संघटना उभी राहिली आणि १९८५मध्ये दूरचित्रवाणीवरील एका नामांकित कार्यक्रमाने हा विषय देशभर नेला. कंपनीनेही इतकी धास्ती घेतली, की १९८९च्या आवृत्तीतून सैतानी प्राण्यांची नावेच काढून टाकली. खेळामुळे मुले आत्मघाताकडे वळतात, हा आरोप मात्र सिद्ध झाला नाही.

जुन्या अंकांतील एका बाबतीत आपण लक्ष घालावे असे वाटते. स्त्रियांची चित्रे पुष्कळदा तोकड्या कपड्यांतली आहेत, आणि १९७८च्या नियमांत तर स्त्री पात्राच्या शारीरिक बळाला पुरुषापेक्षा कमी मर्यादा घातलेली होती. त्यावर १९८०मध्ये त्याच मासिकाने स्त्री खेळाडूंच्या तक्रारींची दखल घेणारा लेख छापला, आणि १९८९च्या आवृत्तीत ती मर्यादा गेली. हे दोन्ही मुलाने वाचले आहे का, ते त्याला विचारून पाहा. बारावीच्या वर्षी खेळाला आठवड्यातून एकदा ठरावीक वेळ द्यावी, एवढी अट पुरेशी आहे. एक डाव तीन-चार तास सहज चालतो, म्हणून रात्री बसू देऊ नये.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकीचे पाच विद्यार्थी आहोत. घरात कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणी कन्नड बोलते. जुन्या ‘डंजन’ मासिकातील साहसकथा आम्हाला मराठीतून खेळायच्या आहेत. नियम मात्र नव्या आवृत्तीचे येतात. अडचण येईल का? आणि वीस बाजूंचा फासा सोलापुरात मिळेना.
— विद्यार्थी, अक्कलकोट रोड

उत्तर : फाशाची अडचण आधी सोडवू. १९७९च्या सुमारास अमेरिकेतही फाशांचा तुटवडा झाला, तेव्हा कंपनीने खेळाच्या पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेल्या कागदी चिठ्ठ्या घातल्या होत्या. तुम्हीही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या वाटीत घालून उचला. प्रत्येक वेळी उचललेली चिठ्ठी परत टाकायला विसरू नका, नाहीतर संभाव्यतेचे गणित बिघडेल. फासे ऑनलाइन मागवता येतात, पण त्यासाठी डाव थांबवायचे कारण नाही.

‘डंजन’ हे १९८६ साली सुरू झालेले मासिक संपूर्णपणे साहसकथांना वाहिलेले होते, त्यामुळे खेळायला ते ‘ड्रॅगन’पेक्षा अधिक उपयोगाचे आहे. जुन्या आणि नव्या नियमांत दोन फरक मात्र ध्यानात ठेवावे लागतील. जुन्या पद्धतीत चिलखताचा आकडा जितका कमी तितके संरक्षण अधिक होते. २०००च्या आवृत्तीपासून हे उलटे झाले. जुना आकडा वीसमधून वजा केला की नवा मिळतो. म्हणजे जुना चार असेल तर नवा सोळा. दुसरा फरक द्रव्याचा, आणि याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. १९७०-८०च्या दशकांतील नियमांत मिळवलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळत असे (असे गुण साठले की पात्र वरच्या पातळीला जाते), म्हणून त्या काळच्या साहसांत धनाच्या राशी ओतलेल्या दिसतात. नव्या नियमांत तसे गुण मिळत नाहीत. राशी तशाच ठेवल्या तर तुमची पात्रे पहिल्याच साहसात सावकार होतील आणि पुढे कशाच्याही मागे धावणार नाहीत. द्रव्य बेताने कमी करा. शिवाय या फरकामुळे जुन्या खेळाची चालही वेगळी होती. गुण धनाचे असल्याने शहाणा खेळाडू लढाई टाळून, चकवून, तह करून खजिना काढी. ती चाल तुम्हाला आवडली तर धन कमी न करता गुणांचा जुना नियमच परत आणा. आमचा कौल याच बाजूला आहे.

भाषेबद्दल चिंता नसावी. सूत्रधाराने मराठीत बोलावे, पात्रांनी आपापल्या घरच्या बोलीत उत्तरे द्यावीत. सोलापूरच्या बाजारपेठेत रोज हेच चालते. नकाशासाठी परदेशी किल्ला कशाला हवा? खंदक आणि दुहेरी तटबंदी असलेला आपला भुईकोट किल्ला आहे, आणि एक दिवस काढून नळदुर्गला गेलात तर बोरी नदीवरच्या धरणाच्या भिंतीत बांधलेला पाणीमहाल पाहता येईल. वरून पाणी कोसळते आहे आणि आत कोरड्या दालनात माणसे उभी आहेत, अशी जागा त्या मासिकांच्या लेखकांना कळली असती, तर त्यांनी तिच्यावर अख्खा अंक काढला असता.

प्रश्न : आमच्या गटाला जुने अंक स्कॅन करून सर्वांना वाटायचे आहेत, आणि पुढे नियमांचे मराठी भाषांतरही करायचे आहे. कायद्याने चालेल का?
— संगणक व्यावसायिक, विजापूर रोड

उत्तर : अंक स्कॅन करून सर्वांना वाटणे चालणार नाही. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतात, आणि या मासिकांचे बहुतेक लेखक आज हयात आहेत किंवा अलीकडेच गेले आहेत. प्रत्यक्ष प्रकाशकालाही हे सोपे गेलेले नाही. ‘ड्रॅगन’चे पहिले २५० अंक १९९९मध्ये सीडींवर निघाले, पण मुक्त लेखकांनी आणि चित्रकथाकारांनी केवळ छपाईचे हक्क दिले होते की संगणकीय प्रतींचेही, यावरून वाद उभा राहिला. स्वतःच्या अभ्यासापुरती प्रत काढण्यास कायद्यात वाव आहे. नाजूक अंक असेल तर ती अवश्य काढा, मजकुराला ३०० आणि नकाशांना ६०० डीपीआय (दर इंचातील ठिपके) ठेवा, आणि अंक काचेवर दाबून कणा मोडण्याऐवजी वरून छायाचित्र घ्या.

भाषांतराचा मार्ग मात्र खुला आहे. पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच प्रकाशकाने जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला असून, श्रेय नमूद केल्यास त्याचे भाषांतर करून प्रसिद्ध करण्यास, विकण्यासही, वेगळी परवानगी लागत नाही. त्यात सगळे प्राणी नाहीत. गिथयांकी आपण त्यातून घेऊ शकणार नाही, राक्षस मात्र त्यात आहे. भाषांतर एकदम ग्रंथरूपाने काढण्याऐवजी दर महिन्याला थोडे थोडे प्रसिद्ध करावे आणि प्रत्येक वेळी मागच्या भागावर आलेली खेळाडूंची पत्रे सोबत छापावीत, अशी आमची सूचना आहे. पहिल्या भागासाठी या सदरातील पाने देण्याची आमची तयारी आहे, मसुदा पाठवावा.